तीन एकरांना ट्रॅक्टर: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

विलायतेत घरामागच्या अंगणात गवत वाढलं की घरमालक एका छोट्या चारचाकी यंत्रावर बसतो आणि गवत कापत गोल गोल फिरतो. गवत कापायचं यंत्र एडविन बडिंग नावाच्या इंग्रज माणसानं १८३० साली काढलं. पुढं त्याला इंजिन लागलं, मग बसायला सीट आली. अंगण लहान, यंत्र मोठं, आणि कोणतं यंत्र घ्यावं ही चर्चा त्याहून मोठी, असं तिकडं चाललेलं असतं.

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न येत नाही. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात इथं जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. कापून फेकायला गवत उरलंच, तर शेजाऱ्याची म्हैस ते न विचारता मोकळं करून देते. मात्र जागा लहान, पैसा थोडा आणि यंत्रावर बसायची हौस दांडगी, हे दुखणं इथंही आहे. ते मिनी ट्रॅक्टरच्या रूपानं प्रकट होतं. पहिल्यांदाच ट्रॅक्टर घेणाऱ्या अल्पभूधारकासाठी ही मार्गदर्शिका आहे. पायऱ्या क्रमानं चढाव्यात. मधली पायरी गाळणारा थेट शोरूममध्ये उतरतो.

पायरी १: कारण ठरवा

ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं की आधी कारण तयार ठेवा, कारण पारावर पहिला प्रश्न कारणाचाच येणार. चालणारी कारणं अशी: बैलजोडी लाखाच्या पुढं गेली, कडबा महागला, सालगडी मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. ही सगळी खरी आहेत आणि कुणी खोडू शकत नाही. न सांगायची कारणं अशी: चुलतभावानं घेतला, धाकट्याची सोयरीक जुळत नाही, आणि दारात काहीतरी उभं असावं असं वाटतं. हीही खरी आहेत. ती लोक आपोआप ओळखतात, त्यामुळं सांगायची गरज पडत नाही.

"बापू, तीन एकराला ट्रॅक्टर घ्यायलाव व्हय?"

"आपल्यापुरता कशाला? दुसऱ्याचंही मारून द्यायचं की."

हे दुसरं वाक्य पाठ करा. जिल्ह्यातला बहुतेक प्रत्येक लहान ट्रॅक्टर या वाक्याच्या भरवशावर घेतला जातो. त्यातली एकच अडचण लक्षात ठेवा. ज्या 'दुसऱ्या'चं रान तुम्ही मारून देणार आहात, तोही त्याच दिवशी दुसऱ्या शोरूममध्ये बसून हेच वाक्य म्हणत असतो.

पायरी २: सातबारा वाचा, मग रान बघा

तीन एकर म्हणजे फार कमी असं समजून लाजू नका. कृषी गणनेनुसार १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात एका खातेदाराकडं सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास उरली. आजोबांच्या रानाचे तीन भाग झाले आणि तिन्ही भागांत एकेक ट्रॅक्टर उभा राहिला, हा आपल्या शेतीचा अलीकडचा इतिहास आहे. तुम्ही अगदी सरासरी माणूस आहात आणि कंपन्यांच्या जाहिराती तुम्हालाच उद्देशून असतात.

आता रानाचा आकार बघा. वाटणी करताना प्रत्येकाला विहिरीकडचा आणि रस्त्याकडचा भाग हवा असतो, म्हणून रान आडवं न तुटता उभं तुटतं. एकशेवीस फूट रुंद आणि जवळपास अकराशे फूट लांब असा पट्टा वाट्याला आला, की त्याचे तीन एकर भरतात. या पट्ट्यात ट्रॅक्टर सरळ जातो तोवर मजा असते. प्रत्येक तासाच्या शेवटी धुऱ्यावर वळवायचा कुठं, हा प्रश्न उरतो. शेजाऱ्याच्या रानात वळवला तर भांडण, आपल्याच रानात वळवला तर तेवढी जागा चाकाखाली चेपते.

बांधाबद्दल एक खास सूचना. बैलाचा नांगर बांध ओळखत असे. ट्रॅक्टरचा फाळ ओळखत नाही, निदान चालवणाऱ्याचं तसं म्हणणं असतं. दरवर्षी वीतभर बांध कोरला जातो आणि पाचव्या वर्षी मोजणीवाला बोलवावा लागतो. ट्रॅक्टरच्या खर्चात मोजणीची फी आणि तहसीलच्या चकरा आधीच धरून ठेवा.

पायरी ३: रस्ता आहे का, ते पाहा

ही पायरी सगळे गाळतात. ट्रॅक्टर घरापर्यंत येतो; रानापर्यंत जाईल का? बैल बांधावरून, ओढ्यातून, दुसऱ्याच्या तुरीच्या कडेनं जात असत आणि कुणी हरकत घेत नसे. ट्रॅक्टरला आठ-दहा फुटांची वाट लागते आणि जूनमध्ये नेमकी तीच वाट चिखलात जाते.

वाट नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडं बांधावरून रस्ता मागता येतो. असलेली वाट कुणी अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आहे. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही आहे. क्रम असा ठेवा: आधी अर्ज, मग रस्ता, मग ट्रॅक्टर. लोक उलट्या क्रमानं जातात. म्हणून पेरणीच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला नवेकोरे ट्रॅक्टर उभे दिसतात आणि मालक पलीकडच्या रानाकडं हात करून उभा असतो.

पायरी ४: अश्वशक्ती निवडा

बाजारात मिनी म्हणून जे ट्रॅक्टर मिळतात ते साधारण १५ ते २७ एचपीचे. महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे १५ एचपीचे. कुबोटाचे निओस्टार २४ आणि २७ एचपीचे. स्वराजचा कोड त्याहून लहान, अकरा एचपीचा. परदेशी गवतयंत्राचा इथं सर्वांत जवळचा नातलग शोधायचा झाला तर तो हाच.

ही यंत्रं खपली ती आधी द्राक्षवाल्यांच्या जिवावर. नाशिक, सांगली, सोलापूर आणि आपल्याकडं तुळजापूर भागातल्या द्राक्षबागांत दोन ओळींच्या मधून जाणारं, मागं फवारणीचा ब्लोअर चालवणारं अरुंद यंत्र लागतं. द्राक्षाला वर्षभर फवारण्या असतात, त्यामुळं तिथं मिनी ट्रॅक्टर घाम गाळून आपली किंमत वसूल करतो. तुमच्याकडं सोयाबीन आणि त्यात तूर असेल, तर त्या यंत्राला वर्षातले बरेच महिने शेडमध्ये बसून विचार करण्याखेरीज काम नसतं.

रानाची जात बघा. बालाघाटाच्या माथ्यावर, भूम-वाशीकडं, मुरमाड हलकं रान आहे. तिथं लहान यंत्र बऱ्यापैकी चालतं. मांजरा, तेरणा, सीनेच्या काठची काळी भारी जमीन ओली असली की चाकाला धरून ठेवते आणि वाळली की दगड होते. तिथं पलटी नांगर ओढायला ४०-५० एचपी लागतात. १५ एचपीच्या आवाक्यातली ती गोष्ट नाही. लहान ट्रॅक्टर तीनेक फुटांचा रोटाव्हेटर फिरवतो, पाळी घालतो, पेरतो, फवारतो. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची झाली की नवा ट्रॅक्टर दारात उभा करून मोठ्या ट्रॅक्टरवाल्याला फोन लावावा लागतो. तो येतो, तुमच्या ट्रॅक्टरकडं बघतो आणि काही बोलत नाही. त्याचं न बोलणं भाड्यात धरलेलं नसतं.

कागदावर दोन आकडे असतात: इंजिनचे एचपी आणि पीटीओचे एचपी. रोटाव्हेटर फिरतो तो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर. शोरूममध्ये मोठा आकडा सांगतात, तो इंजिनचा असतो. पीटीओचा विचारा. विक्रेता जरा थांबेल. त्या थांबण्यावरून पुढचं ओळखा.

पायरी ५: रंग

अश्वशक्तीवर पाच मिनिटं आणि रंगावर पाच आठवडे, असं वेळेचं वाटप करावं. गावात लाल घराणं असतं, हिरवं घराणं असतं, निळं घराणं असतं. मामाचा लाल असेल आणि तुम्ही हिरवा आणला, तर पुढच्या लग्नात पंगतीला वाढताना हात आखडतो.

या वादात भर घालणारी थोडी माहिती देऊन ठेवतो. महिंद्राचे ट्रॅक्टर नागपूरलाही बनतात, जॉन डिअरचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे. म्हणजे 'आपला' कोणता, हा वाद दोन्ही बाजूंनी लढता येतो. महिंद्रावाले आणि स्वराजवाले पारावर एकमेकांशी सर्वांत कडाकडा भांडतात. स्वराज बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी २००७ साली महिंद्रानं घेतली. हे दोघांनाही सांगू नका. गावात करमणुकीची साधनं आधीच कमी आहेत.

रंगाआड एकच खरा प्रश्न आहे: त्या कंपनीचा मिस्त्री आणि सुटे भाग किती किलोमीटरवर मिळतात? पेरणीच्या दिवशी पाइप फुटला, तर लोहाऱ्याच्या माणसाला सोलापूर गाठावं लागेल की उमरग्यात काम होईल? ज्याचा मिस्त्री जवळ, त्याचा रंग चांगला.

पायरी ६: पैसे

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. किंमत थोडी उतरली. उतरलेला पैसा टेपरेकॉर्डरवर खर्च करण्याचा मोह टाळावा.

अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाचा अर्ज करायचा असतो. रक्कम आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून तालुका कृषी कार्यालयात ताजी माहिती घ्या. एक अट मात्र डोक्यात कोरून ठेवा: आधी पूर्वसंमती, मग खरेदी. दसऱ्याचा मुहूर्त साधायचा म्हणून ज्यानं आधी ट्रॅक्टर आणला आणि नंतर अर्ज केला, त्याला मुहूर्त मिळतो, अनुदान मिळत नाही.

अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी समाजकल्याण विभागाची वेगळी योजना आहे. मिनी ट्रॅक्टर आणि त्याच्या अवजारांसाठी साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. यात यंत्र गटाचं असतं, एका घराचं नसतं. शहाणपणाची गोष्ट सरकारी कागदातही कधीकधी सापडते, त्याचा हा नमुना.

उरलेलं कर्ज. ट्रॅक्टरचा हप्ता बहुधा सहामाही असतो, आणि म्हणून तो गोड वाटतो. महिन्याचा हप्ता दर महिन्याला आठवण करून देतो. सहामाही हप्ता पाच महिने झोपू देतो आणि सहाव्या महिन्यात सोयाबीनचा भाव पडलेला असताना दारात येतो.

पायरी ७: डेमो घ्या

डेमो डांबरी रस्त्यावर घेऊ नका. डांबरावर सगळेच ट्रॅक्टर सोन्यासारखे चालतात. विक्रेत्याला आपल्या रानात बोलवा, आपला रोटाव्हेटर किंवा पेरणी यंत्र लावून एक एकर मारायला लावा, टाकी भरून सुरू करा आणि शेवटी किती डिझेल गेलं ते मोजा. डेमोच्या दिवशी घरातल्या सर्वांत जाड पाव्हण्याला मडगार्डवर बसू देऊ नका. तो बसणारच, पण बसू देऊ नका.

सीटवर बसून बघा. खाली उतरून बॅटरी, फिल्टर, ग्रीसचे निपल कुठं आहेत ते बघा. सोयाबीनच्या दोन ओळींत १८ इंच अंतर असतं. यंत्राची चाकं त्या हिशेबात आत-बाहेर करता येतात का, ते विचारा. 'होतंय की' असं उत्तर आलं तर 'आत्ता करून दाखवा' म्हणा.

पायरी ८: जुना घ्यायचा असेल तर

जुना ट्रॅक्टर घेताना रंग ताजा दिसला की सावध व्हा. सकाळी थंड इंजिन स्वतः सुरू करा; विक्रेत्यानं तुम्ही यायच्या आधीच ते गरम करून ठेवलं असेल, तर चहा पिऊन दुसऱ्या दिवशी या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. हायड्रॉलिकवर रोटाव्हेटर उचलून ठेवा आणि तासभर गप्पा मारा. गप्पा संपेपर्यंत तो खाली आला तर लिफ्ट गेलेली आहे. तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, क्लचच्या पायदानाकडं बघा: मीटर बंद पाडता येतं, झिजलेलं रबर लपवता येत नाही.

आरसी बुकावर एमएच-२५ लिहिलेलं असलं म्हणजे सगळं घरचं झालं, असं नाही. बोजा उतरला का, फायनान्सवाल्याची एनओसी आहे का, इंजिन आणि चासी नंबर जुळतात का, हे बघूनच विसार द्या. 'पाव्हण्याचाच आहे, कागद नंतर बघू,' हे वाक्य आलं की पाव्हण्याशी संबंध जपा आणि ट्रॅक्टर सोडा.

पायरी ९: अवजारं आणि साजशृंगार

नुसता ट्रॅक्टर काही करत नाही. रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर, पेरणी यंत्र, फवारणी पंप आणि ट्रॉली असं कुटुंब त्याच्यामागं येतं आणि त्यांचा खर्च मिळून ट्रॅक्टरच्या निम्म्याला सहज जातो. तीन एकरवाल्यानं ट्रॉली घेण्याआधी विचार करावा. ट्रॉली असली की गावातली सगळी वाळू, खडी, लग्नाचे मांडव आणि येळवशीला रानात भज्जी-आंबिल खायला निघालेली सगळी भावकी तुमच्यामागं बसते. डिझेल तुमचं असतं, आणि पैसे मागितले तर माणुसकीचा प्रश्न निघतो.

साजशृंगारात पुढील गोष्टी येतात: बोनेटवर 'आई तुळजाभवानी प्रसन्न' किंवा 'येडेश्वरी प्रसन्न', चाकाखाली लिंबू, आरशाला काळी बाहुली, आणि ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर असतो तसला स्पीकर. पहिले तीन स्वस्त आहेत. चौथ्यामुळं इंजिनचा बदललेला आवाज ऐकू येत नाही आणि बेअरिंग जाम झाल्यावरच कळतं. त्या पैशांत मागं लाल रिफ्लेक्टर लावा. गळीत हंगामात रात्री ढोकी-कळंब रस्त्यावर दुचाकी चालवणारा माणूस तुम्हाला दुवा देईल.

पायरी १०: आता हिशेब करा

ही पायरी पहिली असायला हवी होती. पण पहिली ठेवली असती तर कुणी दुसरीपर्यंत आलं नसतं.

समजा, लहान ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि किरकोळ अवजारं मिळून पाच लाख लागले. एक लाख हातातले, चार लाख कर्ज, व्याज वर्षाला ११ टक्के. पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज ४४ हजार होतं. यात डिझेल नाही, ऑइल नाही, विमा नाही, टायर नाही आणि मुद्दलाचा एक रुपयाही नाही.

आता दुसरी बाजू. कोरडवाहू तीन एकरांत वर्षाकाठी एक नांगरट, एक रोटा आणि खरीप-रब्बीच्या दोन पेरण्या भाड्यानं केल्या, तर गावातला दर धरून समजा एकरी सहा हजार जातात. तीन एकरांचे १८ हजार. म्हणजे भाड्याच्या ट्रॅक्टरनं वर्षभर शेती केली, तर जेवढा खर्च येतो त्याच्या दुपटीहून जास्त तुम्ही फक्त व्याज म्हणून भरता. नांगरट तर तरीही बाहेरूनच होते. तुमच्या गावचे दर वेगळे असतील तर ते घालून बघा. आकडे हलतील, निकाल फारसा हलणार नाही.

तासांचा हिशेब त्याहून बोलका आहे. कृषी अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ट्रॅक्टरचं आयुष्य दहा वर्षं आणि वर्षाला हजार तास धरतात. तीन एकरांत रोटा, पाळी, पेरणी सगळं धरून लहान ट्रॅक्टरला वर्षाला चाळीसेक तासांचं काम निघतं. उरलेले नऊशे साठ तास त्याला दुसऱ्यांच्या रानातून आणायचे आहेत. दुसरा काय म्हणतो, ते पहिल्या पायरीत आलंच आहे. समजा त्यानं बोलावलंच, तर काम झाल्यावर तो म्हणतो, "सोयाबीन आलं की देतो." सोयाबीन येतं. मग तो म्हणतो, "भाव येऊ दे."

पायरी ११: वाफसा

इतकं असूनही लोक ट्रॅक्टर घेतात, आणि ते सगळे हौसेपायी घेत नाहीत. त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, नाहीतर ही मार्गदर्शिका शहरातल्या माणसानं लिहिली असं वाटेल.

या जिल्ह्यात मृगाचा पाऊस पडतो, एक-दोन दिवसांत वाफसा येतो, आणि पेरणीला चार दिवस मिळतात. हुकले की ओल उडते, पुढचा पाऊस कधी येईल ते कुणाला ठाऊक नसतं. त्या चार दिवसांत गावातल्या सगळ्यांना ट्रॅक्टर एकाच वेळी हवा असतो. ट्रॅक्टरवाला आधी आपलं रान पेरतो, मग भावाचं, मग मेव्हण्याचं, मग वीस एकरवाल्याचं, कारण तिथं एकदा यंत्र लावलं की दिवसभर हलवावं लागत नाही. तीन एकरवाल्याचा नंबर शेवटी लागतो, तोवर ओल गेलेली असते. बँकेचं व्याज कागदावर दिसतं. आठ दिवस उशिरा पेरल्यानं गेलेलं पीक कुठल्याच कागदावर दिसत नाही. लहान शेतकरी पाच लाख देतो ते यंत्रासाठी कमी आणि आपल्या पाळीसाठी जास्त.

यंत्राला नावं ठेवणंही बरं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर आणला तेव्हा सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी धास्ती होती. धास्ती खोटी ठरली, नांगर खपला. पण तो नांगर एका शेतकऱ्याच्या बैलजोडीनं ओढता येईल आणि त्याला विकत घेता येईल, एवढ्याच मापाचा होता. माप चुकलं की चांगलं यंत्रही गळ्यात पडतं.

म्हणून प्रश्न 'कोणता ट्रॅक्टर' हा नाही. प्रश्न आहे, वाफशाच्या चार दिवसांत माझी पाळी पक्की कशी करायची?

पायरी १२: पर्याय, स्वस्ताकडून महागाकडं

सायकल कोळपं: नावात सायकल असली तरी बसायला जागा नाही, ढकलावं लागतं. कोळपणीला, विशेषतः घरच्या बायकांना, मोठा आधार आहे. कर्ज लागत नाही.

मोटारसायकल: गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी बुलेटला मागं अवजार जोडून 'बुलेट सांती' बनवली. बसून शेती करायची हौसच असेल, तर एवढ्या खर्चात ती भागते.

पॉवर विडर: भाजीपाला, फळबाग आणि अरुंद पट्ट्याला उत्तम. यामागंही चालावं लागतं. तब्येतीला चांगलं.

उस्मानाबादी शेळी: मूळ प्रश्न गवताचाच असेल तर याहून चांगलं यंत्र नाही. बहुधा काळी, काटक, बरेचदा जुळी देणारी, आपल्याच जिल्ह्याचं जुनं नाव लावणारी. बांधावरचं गवत खाऊन वर खत देते. बसता येत नाही आणि शेजाऱ्याची तूर ओळखत नाही, एवढेच दोन दोष.

भागीचा ट्रॅक्टर: चौघांत एक, बारा एकरांना. पाळीचा क्रम, डिझेल, दुरुस्ती आणि चालवणार कोण, हे शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घ्या. भावकीत तोंडी ठेवू नका; विहिरीच्या पाळीवरून काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

अवजार बँक: पोकरा प्रकल्पातून आणि यांत्रिकीकरण योजनेतून शेतकरी कंपन्यांनी, गटांनी अवजार बँका उभ्या केल्या आहेत. तुमच्या गावाजवळ असेल तर सभासद व्हा आणि मे महिन्यातच पेरणीची पाळी लिहून घ्या. पाऊस पडल्यावर फोन करणाऱ्याला पाळी मिळत नाही.

मोठ्या ट्रॅक्टरवाल्याशी करार: हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग. पाच-सहा लहान शेतकऱ्यांनी लागून असलेले पट्टे एकत्र करून एकाच दिवशी पेरायचं ठरवलं, तर त्याच्यासाठी तेच वीस एकरवालं रान होतं. निम्मं भाडं आगाऊ द्या. आगाऊ पैसा घेतलेला माणूस मेव्हण्याच्या आधी तुमच्याकडं येतो.

निकाल

द्राक्षबाग असेल, भाजीपाला असेल, किंवा दहा-बारा एकर कसायला हातात असेल, तर लहान ट्रॅक्टर जरूर घ्या. मिस्त्री जवळ असलेल्या कंपनीचा घ्या, पूर्वसंमती मिळाल्यावर घ्या, ट्रॉलीशिवाय घ्या. कोरडवाहू तीन एकर असतील तर घेऊ नका. त्याऐवजी यंदा मे महिन्यात शेजारच्या चार जणांना चहाला बोलवा आणि पेरणीची पाळी एका कागदावर लिहा. चहा तुम्ही पाजायचा. चार लाखांच्या कर्जापेक्षा तो स्वस्त पडतो.